तुम्ही विचारलंत: गाडलेल्या नद्या आणि तुटक रेघा

मागच्या अंकात मी गाडल्या गेलेल्या नद्यांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. जुनी पात्रं गाळाखाली कशी दडतात, वरून त्यांचा माग कसा काढतात, आणि सोबत हाताने काढलेला एक नकाशा, एवढंच त्यात होतं. पत्रं मात्र टिपणापेक्षा नकाशावर जास्त आली. तीस वर्षं हातोडा, होकायंत्र आणि तारांची रिळं घेऊन हिंडले. त्या काळात माझ्या नकाशांकडे इतक्या बारकाईने वरिष्ठांशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही. काही पत्रं निवडली आहेत, आणि एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

नकाशात काही रेघा अखंड आहेत, काही तुटक, आणि जुन्या नदीची रेघ तर नुसत्या ठिपक्यांची. हे छपाईत राहिलं की तुमच्याकडून?

कुणाकडूनच राहिलेलं नाही, पण तुमची शंका मला फार आवडली. भूवैज्ञानिक नकाशात रेघ कुठे आहे याइतकंच ती कशी काढली आहे यालाही महत्त्व असतं. अखंड रेघ म्हणजे दोन खडकांची सीमा मी स्वतः पाहिली. एक पाय वालुकाश्मावर आणि दुसरा शेलवर, म्हणजे चिखलाच्या थरांपासून झालेल्या खडकावर, ठेवून उभी राहिले. तुटक रेघ म्हणजे सीमा याच भागात आहे, पण नेमकी जागा अंदाजाने धरली आहे. ठिपके म्हणजे वर माती, गाळ, वाळू किंवा पाणी आहे आणि त्याखालून सीमा जात असणार. ठिपक्यांशेजारी प्रश्नचिन्ह दिसलं, तर ती आहे की नाही हेच नक्की नाही असं समजा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक नकाशा रंगवून साहेबांपुढे ठेवला. सीमा सगळ्या अखंड, काळ्याभोर, सुरेख. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग एका रेघेच्या मधोमध बोट ठेवून विचारलं, ‘‘इथं तू उभी होतीस?’’

मी म्हटलं, ‘‘नाही सर, पण दोन्ही टोकांना सीमा दिसते. मधे झाडी आहे.’’

‘‘म्हणजे नव्हतीस.’’ आणि त्यांनी खोडरबर माझ्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत खोडणं चाललं होतं. साधारण अकरा सेंटिमीटर अखंड रेघ होती, त्यातली जेमतेम तीन उरली. नकाशा भिकेला लागल्यासारखा दिसायला लागला. साहेब म्हणाले, ‘‘आता याच्यावर कुणी विहीर खणली तर चालेल.’’

अखंड रेघेचंही फार कौतुक करू नका. ५०,००० पट लहान केलेल्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते. तुमचं पेन्सिलचं टोक बोथट झालं की अख्खं शेत तिच्याखाली जातं.

नदी तर जमीन खरवडते. मग तिचंच पात्र गाडलं कसं जातं? तिने आणखी खोल जायला हवं ना?

उतार असेपर्यंत जाते. उतार संपला की हातातलं ओझं टाकून देते. नदीचं सगळं आयुष्य खरवडणं आणि टाकणं यांच्या हिशेबात जातं, आणि हा हिशेब तिच्या एकटीच्या हातात नसतो.

सगळ्यात सरळ कारण समुद्राची पातळी. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. किनारे दूर सरकले आणि नद्यांनी आज समुद्रतळ असलेल्या जमिनीवर दऱ्या कोरल्या. बर्फ वितळला, समुद्र वर आला, दऱ्या गाळाने भरत गेल्या. सुमात्रा आणि बोर्निओ यांच्यामधल्या उथळ समुद्राच्या तळावर अशा नद्यांची आख्खी जाळी सापडली आहेत. मोलेनग्राफ या डच भूवैज्ञानिकाने गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांच्याकडे लक्ष वेधलं होतं.

नाईलची गोष्ट याहून अचाट आहे. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अटलांटिककडून येणारी वाट बंद झाली आणि भूमध्य समुद्र बऱ्याच अंशी आटला. ज्या समुद्राला जाऊन मिळायचं तोच खाली गेला, तेव्हा नाईलनेही आपलं पात्र खोल खोल कापलं. पुढे समुद्र परत भरला आणि ती दरी गाळाखाली गेली. कैरोजवळ तिचा तळ आजच्या समुद्रपातळीच्या दोन किलोमीटरहून खाली आहे. आस्वानच्या धरणासाठी छिद्रं घेतली तेव्हा समुद्रापासून एवढ्या आत, नदीच्या पात्राखाली, समुद्री गाळ लागला. चुमाकोव या रशियन भूवैज्ञानिकाने त्याचा अर्थ लावला. छिद्रातून वर आलेली चिखलाची कांडी हातात घेऊन ‘इथं समुद्राची खाडी होती’ असं म्हणायला काय छाती लागली असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

कधी नदी स्वतःहून पात्र सोडते. दर पुरात गाळ टाकून टाकून तिचं पात्र आसपासच्या मैदानापेक्षा उंच होतं. मग एखाद्या मोठ्या पुरात काठ फुटतो, पाणी सखल वाटेने निघून जातं, आणि पुन्हा जुन्या पात्राकडे वळत नाही. सोडलेल्या पात्रात आधी डबकी उरतात, त्यांत चिकणमाती बसते, वरून पुढच्या पुरांचे थर. नागमोडी वळण तुटून मागे राहिलेलं नालाकृती सरोवर हे त्याचंच छोटं भावंड.

आणि कधी लाव्हा येतो. कॅलिफोर्नियात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी एका नदीच्या दरीतून लाव्हा वाहत गेला आणि तिथेच गोठला. दोन्ही काठांचा खडक लाव्ह्यापेक्षा मऊ होता, तो झिजून गेला. आज तिथे एक सपाट माथ्याचा, नागमोडी डोंगर उभा आहे. टेबल माउंटन म्हणतात त्याला. वळणं नदीची, डोंगर लाव्ह्याचा. एकोणिसाव्या शतकात सोनं शोधणाऱ्यांना कळलं, की या डोंगराच्या पोटात जुन्या नदीचे गोटे आहेत आणि गोट्यांत सोनं. त्यांनी कड्यातून आडवे बोगदे खणले. नदी शोधायला डोंगरात शिरायचं, हे मला अजून गमतीचं वाटतं.

आमच्या जमिनीत यंत्र लावून एकांनी ‘६० मीटरवर जुन्या नदीची वाळू आणि पाणी’ असं सांगितलं. यंत्राला कसं कळतं?

यंत्राला कळत नाही. त्याला फक्त विजेला किती अडथळा होतो तेवढं कळतं. बाकीचं बोलणारा माणूस असतो.

जमिनीत चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोघींमध्ये विभवांतर मोजायचं. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब, तितकी वीज खोलवर फिरून येते. पद्धत जुनी आहे. फ्रान्समध्ये कॉनराड श्लूंबर्जे यांनी १९१२ च्या सुमारास अशा मोजण्यांना सुरुवात केली आणि खुंट्यांच्या एका मांडणीला अजून त्यांचंच नाव आहे. ऊन फार असलं की खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं, नाहीतर वीज जमिनीत शिरतच नाही. माझी निम्मी नोकरी मिठाचे डबे वाहण्यात गेली.

मोजून येते ती रोधकता, ओहम-मीटरमध्ये. ओली चिकणमाती वीज सहज जाऊ देते. तिची रोधकता पाच-दहापासून वीस-पंचवीसपर्यंत. गोड्या पाण्याने भरलेली वाळू साधारण पन्नास ते दोनशे. कोरडी वाळू हजाराच्या पुढे. म्हणजे मातीच्या मैदानात जास्त रोधकतेचा नागमोडी पट्टा दिसला की भूवैज्ञानिकाच्या तोंडाला पाणी सुटतं. इथेच सांभाळायचं असतं. खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू चिकणमातीपेक्षाही कमी रोधकता दाखवते. म्हणजे वाळू आहे, नदीही होती, आणि यंत्र ‘माती’ म्हणतंय.

दुसरी भानगड गणिताची. कमी रोधकतेच्या थरांमध्ये जास्त रोधकतेचा पातळ थर असला, तर वरून मोजताना त्याची जाडी आणि रोधकता वेगवेगळी सांगता येत नाही. फक्त दोघींचा गुणाकार कळतो. दहा मीटर जाडीचा शंभर ओहम-मीटरचा थर आणि वीस मीटर जाडीचा पन्नासचा थर यांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर फरक दिसत नाही. तेव्हा कुणी फक्त या एका मोजणीवर ‘इतक्या मीटरवर’ असं छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यांना विचारा की जवळच्या कुठल्या विहिरीशी किंवा छिद्राशी ताडून पाहिलं. ताडून पाहिलं असेल तर त्यांचं ऐका.

मी हे एवढ्या जोरात का सांगते आहे? कारण मी एकदा सपशेल तोंडावर पडले आहे. एका मैदानात आम्ही ओळीने मोजण्या घेतल्या. ऐंशीच्या आसपासचा पट्टा आला, रुंदी सारखी, मधे एक डौलदार वळण. मी त्यावर नदी काढली. अखंड रेघेने! साहेब तोवर निवृत्त झाले होते. दोन छिद्रं घेतली, दोन्ही कोरडी. वाळूच्या जागी चुनकंकराचा थर होता, मातीत चुना साखळून झालेला, दगडासारखा कडक आणि ठणठणीत कोरडा. वळण डौलदार दिसलं कारण ओळींच्या मधल्या जागा माझ्या हाताने जोडल्या होत्या, आणि हाताला नदी काढायची सवय होती. खरी नदी पुढे सापडली, पट्ट्याच्या दीडशे मीटर बाजूला. तिचा पत्ता यंत्राने दिला नाही. एका जुन्या विहिरीतून उपसलेला ढीग कुणीतरी काठावर तसाच ठेवला होता. त्यातली वाळू मी तळहातावर घेतली, भिंगाखाली धरली, आणि कण गोल निघाले. वाहत आलेले.

ज्यांनी पैसे मोजून ती छिद्रं घेतली होती, ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उपग्रहाला जमिनीखालच्या नद्या दिसतात म्हणे. मग एवढी खटपट कशाला? आणि सरस्वतीचं कोडं सुटलं की नाही?

दिसतात, पण अटी फार. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबिया यानाच्या दुसऱ्या उड्डाणात एक रडार होतं. त्याने पूर्व सहारावरून पट्टे टिपले. वरून जिथे सपाट वाळूशिवाय काही नाही, तिथे रडारच्या चित्रात दऱ्या उमटल्या, काही तर नाईलच्या खोऱ्याएवढ्या रुंद. नंतर माणसांनी तिथे जाऊन खड्डे खणले, तेव्हा वाळूखाली जुने काठ आणि आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. पण सहाराची वाळू बारीक होती आणि हाडासारखी कोरडी. तिथेही रडार गेलं मीटर-दोन मीटर, फार तर थोडं अधिक. ओल आली की रडारच्या लाटा वरच्यावर विरतात. चिकणमातीत जमिनीवरून ढकलायचं रडारसुद्धा मीटरभरात हात टेकतं.

सरस्वतीबद्दल अकरा पत्रं आहेत, आणि त्यांतली सात रागावलेली. माझ्या हातात आहे तेवढं सांगते. पुष्कळ जण सरस्वती मानतात त्या वायव्येकडच्या घग्गर-हाक्राचं रुंद, कोरडं पात्र उपग्रहचित्रात स्पष्ट दिसतं. त्यावर वाद नाही. वाद आहे तो त्यातून हिमालयाचं पाणी कधीपर्यंत वाहत होतं यावर, आणि काळ चित्रात दिसत नाही. त्यासाठी छिद्र घेऊन खालची वाळू अंधारात बाहेर काढावी लागते. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे प्रयोगशाळेत मोजता येतं, म्हणून वाटेत ऊन लागू द्यायचं नाही. कणांतली खनिजं कुठल्या डोंगरातली, हेही तपासतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तिथून पूर्वी सतलज वाहत होती आणि सुमारे ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत ती आजच्या मार्गावर निघून गेली. म्हणजे हडप्पा संस्कृतीची नगरं उभी राहिली ती मोठ्या नदीने सोडलेल्या खोऱ्यात. २०१९ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने गाळावरूनच म्हटलं, की सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत हिमालयाचं पाणी तिथे येत राहिलं. दोन्ही गट छिद्रं घेऊन, कण मोजून बोलत आहेत. मी यावर अजून तुटक रेघ काढेन. रागावलेल्यांनी मला जरूर पुन्हा लिहावं, फक्त कुठल्या छिद्रातल्या कुठल्या थराबद्दल बोलता ते लिहा.

बोगद्याच्या मार्गावर दोन टोकांना छिद्रं घेतली, दोन्हीकडे दहा मीटरवर पक्का खडक लागला. मधे पुन्हा खर्च करायचा का? (स्थापत्य अभियंता आहे, नाव छापू नये.)

करायचा. आणि कारण म्हणून स्वित्झर्लंडमधला लोच्बर्ग बोगदा वरिष्ठांना सांगा. मार्ग गास्टर्न दरीखालून जात होता. दरीच्या तळाशी गाळ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो बोगद्यापर्यंत पोचत नाही, मधे पुरेसा खडक आहे, असा अंदाज होता. हिमनदीने ती दरी अंदाजापेक्षा कितीतरी खोल खरवडलेली होती. २४ जुलै १९०८ रोजी सुरुंग उडाला आणि पुढचा खडक संपला. पाणी, वाळू आणि गोटे आत घुसले. २५ कामगार गेले. पुढे त्या जागेला वळसा घालून बोगदा १९१३ मध्ये सुरू झाला. नकाशावर त्याचं ते वाकणं आजही दिसतं.

गाडलेल्या दरीची खोड हीच. दोन्ही काठांवर खडक वर असतो आणि तुमची छिद्रं काठांवरच पडतात. मधला भाग तपासायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हातोडा. जमिनीवर लोखंडी पाट ठेवून त्यावर घणाचे ठोके मारायचे आणि ओळीने रोवलेल्या जिओफोननी धक्का कधी पोचला ते टिपायचं. सैल कोरड्या मातीतून लाट सेकंदाला तीन-चारशे मीटर जाते, पाण्याने भरलेल्या गाळातून सुमारे दीड हजार, ताज्या कठीण खडकातून चार-पाच हजार. लांबच्या जिओफोनपर्यंत खडकातून वळसा घेऊन गेलेली लाट आधी पोचते, आणि त्या वेळांवरून खडकाची खोली निघते. ओळ मात्र हव्या त्या खोलीच्या चार-पाच पट लांब ठेवा. दहा मीटरवरचा खडक शोधायला वीस मीटरची ओळ टाकणारे मी पाहिलेत. कडक थराखाली मऊ थर असेल तर ही पद्धत तो गिळून टाकते, त्याची नोंदच होत नाही. म्हणून खोलगट दिसला तिथे छिद्र घ्यावंच लागतं. फार खोलवर जायचं असेल तर परावर्तित लाटा वापरतात, तेल शोधतात तशा. त्यांची बारकाई लाटेच्या लांबीवर ठरते: खडकात वेग सेकंदाला दोन हजार मीटर आणि कंपनं पन्नास, तर लाट ४० मीटरची, आणि तिच्या चौथ्या हिश्शापेक्षा, म्हणजे दहा मीटरपेक्षा पातळ थराचे माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत.

थर तर सपाट असतात. मग डोंगराळ भागाच्या नकाशात त्यांच्या सीमा अशा वेड्यावाकड्या का?

प्लायवूडचा जाड तुकडा घ्या आणि त्याला कानशीने खळगे पाडा. थर सपाटच आहेत, पण खळग्याभोवती रेघांची वलयं उमटतील. सीमा हा एक पत्रा आहे असं समजा. नकाशावरची रेघ म्हणजे जमीन त्या पत्र्याला जिथे कापते ती जागा. थर अगदी आडवा असेल तर सीमा उंचीच्या समोच्चरेषांबरोबर चालते. अगदी उभा असेल तर डोंगर-दरी काही न जुमानता सरळ जाते. उगमाकडे कलला असेल तर दरीत शिरताना सीमेचा कोन उगमाकडे टोक करतो. प्रवाहाच्या दिशेने आणि पात्राच्या उतारापेक्षा जास्त कलला असेल तर टोक खालच्या बाजूला. हे एकदा डोळ्यात बसलं की नुसत्या नकाशावरून थराचा कल सांगता येतो, आणि मग कुणाचाही नकाशा तुम्हाला पूर्वीसारखा निमूटपणे बघता येत नाही.

जमिनीखालची सीमा काढायला तीन छिद्रं लागतात, एका ओळीत नसलेली. सपाट जमिनीवर क आणि ख इथे सीमा २० मीटरवर लागली, आणि क-ख रेषेशी काटकोनात शंभर मीटर दूर ग इथे ३० मीटरवर. म्हणजे क-ख ही नतिलंबाची दिशा, जिच्यात थर खाली-वर न होता आडवा जातो, आणि कल शंभरात दहा, सुमारे सहा अंश. आता चौथं छिद्र घ्या. तिथे सीमा हिशेबात बसली नाही, तर एक तर मधे भ्रंश आहे, नाहीतर सीमा दुमडली आहे, नाहीतर एखाद्या जुन्या नदीने येऊन ती खाऊन टाकली आहे. पुष्कळशी गाडलेली पात्रं अशीच सापडतात, हिशेब चुकला म्हणून. माझे विद्यार्थी चौथ्या छिद्राला ‘भांडखोर’ म्हणायचे.

दोन थरांच्या सीमेत काळ किती दडलेला असतो, असंही एकांनी विचारलंय. कधी एका पुराचा. कधी जेम्स हटन यांनी १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला पाहिला तेवढा: खाली जवळजवळ उभे थर, त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबडा वालुकाश्म मंद कलून बसलेला, मधे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची फट. सीमा बोटाच्या जाडीचीही नाही.

काडी धरून पाणी सांगणाऱ्यांबद्दल तुमचं मत?

ॲग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या, १५५६ मध्ये छापल्या गेलेल्या खाणविद्येच्या ग्रंथात काडीवाल्यांचं वर्णन करून झाल्यावर, शहाण्या खाणकऱ्याला तिची गरज नाही असं लिहून ठेवलंय. मला त्यात भर घालायची नाही. एवढंच, की गाळाच्या मैदानात पुरेसं खोल गेलं तर जवळजवळ कुठेही पाणी लागतं, त्यामुळे काडी क्वचितच हरते.

मी आठवीत आहे. नदी आटून गेल्यावर ती कुठल्या दिशेला वाहत होती हे दगडांवरून कळतं का?

हो, आणि त्याला यंत्र लागत नाही. चपटे गोटे बघ. जोराच्या पाण्यात ते एकमेकांवर रेलतात, छपरावरच्या कौलांसारखे, आणि त्यांचा उतार उगमाकडे असतो. म्हणजे गोटा ज्या बाजूला खाली झुकला आहे, पाणी त्या बाजूने आलं. वाळूच्या दगडात उलटं वाचायचं. मोठ्या आडव्या थराच्या आत तिरक्या बारीक रेघा असतात. वाळूच्या उंचवट्याच्या पुढच्या उतारावरून कण घसरून त्या झालेल्या असतात. त्या खाली झुकतात ती दिशा पाण्याच्या जाण्याची.

सराव वाहत्या नदीच्या कोरड्या काठावर कर, कारण तिथे उत्तर समोरच असतं. सोबत मोठं कुणीतरी ने. एका गोट्यावर विश्वास ठेवू नकोस, एखादा नुसताच घरंगळलेला असतो. पंचवीस-तीस गोट्यांच्या दिशा होकायंत्राने मोज, वहीत लिही, मग मान वर करून पाण्याकडे बघ. किती चुकले ते मला कळव. आणि वहीत खाडाखोड झाली तर तसंच पाठव, पुन्हा सुवाच्य करू नकोस.